बाज मोकळी ठेवू नये

विश्वजीतनं जनरेटर आणला तो बहिणीच्या मायेपोटी. ही गोष्ट पुढं कुणी नाकारली नाही, सायलीलाही ती नाकारता आली नाही. सगळी पंचाईत तिथंच झाली. वैरानं आणलेली वस्तू माणूस दारातूनच परत पाठवतो. मायेनं आणलेलीला हळदकुंकू लावून आत घ्यावं लागतं.

सायली पहिल्या बाळंतपणाला चिकलठाण्याला माहेरी आली होती. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, पाचोडचं शेत वाट्यानं दिलेलं. घरात आई आशाबाई आणि धाकटा भाऊ विश्वजीत. तो कंपनीत सुपरवायझर, घरातला एकुलता एक पुरुष, आणि सध्या सोयरीक बघणं चालू असल्यामुळं घरातली सगळ्यांत महाग वस्तू. घर म्हणजे नव्या वसाहतीतलं रो-हाऊस. दोन्ही अंगच्या भिंती शेजाऱ्यांच्या, पुढं दोन मोटारसायकली मावतील एवढं अंगण, आणि मागं धुण्याभांड्याची चिंचोळी जागा. वर पत्रा, समोर लोखंडी जाळी.

तिसऱ्या दिवशी सायली लेकराला घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि चौथ्या दिवशी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा बसेपर्यंत दुसरीकडून आलटून पालटून लाईट देणार, असं कळलं. म्हणजे ह्या गल्लीत अकराला जायची ती दोन-अडीचला यायची. मे महिना. विश्वजीतनं त्याच संध्याकाळी जनरेटर आणला. लालभडक, दोरी ओढून चालू होणारा, पेट्रोलवरचा. आशाबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माह्या लेकीला घाम येऊ नाय म्हणून आणलाय बाई त्यानं. नायतर आजकाल कोण करतं बहिणीसाठी."

जनरेटर मागं, धुण्याच्या जागेत ठेवला. पुढं ठेवला असता तर कुणी उचलून नेला असता, आणि आवाजानं गल्ली भांडायला आली असती. मागं पत्रा होता, जाळीला कुलूप होतं. सगळं सोयीचं होतं.

बाळंतिणीची खोलीही मागचीच. ओल्या बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीवर आशाबाईनं आतून गोधडी ठोकली होती, खिळे मारून. दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं होतं. सकाळी शेगडी पेटायची, ओवा आणि बाळंतशोपाची धुरी व्हायची, आणि त्या वासापुढं दुसरा कुठलाच वास नाकाला लागायचा नाही. एवढ्या बंदोबस्तात एकच जागा उघडी राहिली. खोलीला लागून बाथरूम, बाथरूमला उंचावर झरोका, आणि झरोक्याच्या काचेच्या दोन पट्ट्या केव्हाच्या गळून पडलेल्या. झरोका उघडायचा तो धुण्याच्या जागेत. तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. वारं येतं ते खिडकीतून, बाथरूमातून कशाला येईल?

डोकं पहिल्यांदा दुखलं ते पाचव्या दिवशी. कपाळाभोवती कुणी ओलं फडकं पिळून बांधावं तसं. उमळून आलं. आशाबाई म्हणाली, "वारं लागलं. मी सांगत होते, केस ओले ठिवू नको." आणि तिनं दाराच्या वरच्या फटीतही चिंधी कोंबली. सहाव्या दिवशी आणखी दुखलं. आशाबाईनं मग डोक्याला दोन फडकी बांधली आणि पंख्याखाली बाज होती ती सरकवून बाथरूमच्या दाराशी नेली, कारण पंख्याचंही वारंच. ज्या पंख्यासाठी जनरेटर आणला होता तो पंखा एकवर, आणि बाज जनरेटरच्या आणखी जवळ. सायलीला हसू आलं असतं, पण मान हलवली की दुखायचं.

सायली बी.एस्सी. होती, केमिस्ट्री. लग्न ठरलं तेव्हा ही पदवी पत्रिकेसोबत फिरली, पुढं तिचं काही काम पडलं नाही. तरी सवय राहिली होती. लेकरानं कधी दूध घेतलं, किती वेळ घेतलं, कधी शी-शू केली, हे ती मोबाईलमध्ये लिहून ठेवायची. आशाबाई म्हणायची, "तुम्हा दोघा भावाबहिणींना मी घड्याळ बघून नाय पाजलं, तरी मेले नाहीत." पण त्या लिहिण्यातूनच आठव्या दिवशी तिला दिसलं. लेकरू सकाळी साडेदहापर्यंत ओढून दूध प्यायचं. बारानंतर मात्र तोंडच लावायचं नाही. गालाला बोट लावलं तरी नाही, तळपाय चोळले तरी नाही. मऊ पडून राहायचं, पाच-सहापर्यंत. आशाबाईला त्यात समाधान: "किती शहाणं लेकरू, दुपारचं झोपतं." फक्त रविवारी, जेव्हा लाईट गेलीच नाही, त्यानं बाराला, दोनला आणि साडेतीनला दूध घेतलं होतं. शेगडी आणि धुरी रविवारीही झाली होती. रविवारी सायलीचंही डोकं दुखलं नव्हतं.

तिनं मोबाईल खाली ठेवला. मग ती उठली आणि जनरेटरच्या खोक्यातली पुस्तिका आईकडून मागवून घेतली.

संध्याकाळी विश्वजीत आला तेव्हा ती म्हणाली, "विशू, तो जनरेटर मागं नको ठेवू. ह्याच्यात लिहिलंय, दारा-खिडक्यांपासून कमीत कमी वीस फूट लांब, उघड्यावर. धुराचं तोंड घरापासून उलट्या बाजूला. पत्र्याखाली, जाळीत, पडवीत, कुठंच नको म्हणतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो."

"वीस फूट." विश्वजीतनं बूट काढता काढता मान वर केली. "ताई, आपला प्लॉट सतरा फूट रुंद आहे. वीस फूट म्हणजे देशमुखांच्या हॉलमध्ये ठेवू का? चहा घेता घेता दोरी ओढतील ते."

"मग पुढं रस्त्यावर ठेव. मी आईला म्हणते लक्ष ठेवायला."

"आणि पाऊस आला, कुणी नेला?"

"मग लावूच नको. मला नको पंखा."

हे मात्र त्याला लागलं. तो आईकडं बघत बोलला, "बघ. मी मित्राची गाडी काढून वाळूजला जाऊन आणला. अख्ख्या गल्लीत कुणाकडं नाही. आणि हिला त्याच्यात विष दिसायलंय."

"तसं नाही विशू. लेकरू दुपारी दूध घेत नाही. हे बघ, मी लिहून ठेवलंय..."

"तुझं ते रजिस्टर नको दाखवू मला. कंपनीत दिवसभर तेच बघतो."

आशाबाईनं पोळी तव्यावरून काढली. "पोरी, बाळंतपणात बाईचं मन हलकं होतं. नाय नाय ते दिसतं. तो भाऊ हाय तुझा. दुश्मन नाय."

रात्री तिनं नवऱ्याला फोन केला. कृष्णा छावणीत, आपल्या आईवडिलांपाशी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तो ऐकून घेणाऱ्यांतला होता. मग म्हणाला, "तुझं खरं असेल. पण आता भांडू नको. चारच दिवस राहिलेत बारशाला, आम्ही येतोच. विश्वजीतला वाईट वाटेल असं काही बोलू नको. त्यांच्या घरी आहेस तू."

त्यांच्या घरी. सायलीनं फोन ठेवला आणि विचार केला की माझं घर मग कोणतं, आणि तिथं जनरेटर कुठं ठेवतात.

एका बाईनं तिचं ऐकलं होतं. चंपाबाई, चिकलठाण्याच्या जुन्या गावातली. रोज सकाळी येऊन लेकराला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची, बाळंतिणीचे कपडे धुवायची, दुपारी तीनपर्यंत थांबायची. चाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं. पंचक्रोशीतली अर्धी लेकरं तिच्या पायांवर पालथी पडून मोठी झालेली. लेकरू तिच्या मांडीवर चालायचं, पण तिचा चहाचा ग्लास वेगळा, धुण्याच्या जागेत कोनाड्यात पालथा घातलेला. आणि इतक्या दिवसांत ती बाजेवर कधी टेकली नव्हती. खाली पाट होता तिला.

नवव्या दिवशी सायलीनं तिला विचारलं, "मावशी, तुमचं डोकं दुखतं का हो इथं दुपारी?"

चंपाबाईनं दाराकडं बघितलं. मग लेकराच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "दुखतंय की. घण घालावा तसं. घरी गेलं की उतरतंय."

"आईला सांगा ना. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

"माझं?" ती हसली. "बाई, मी सांगितलं तर तुझी माय म्हणंल, चंपे, म्हातारी झालीस, उद्यापसून तुझ्या सुनेला धाड. तू लेकराला घिऊन भायेर बस ना जरा वेळ."

"बाहेर? ओली बाळंतीण?"

"व्हय, ते बी हायच," चंपाबाई म्हणाली. बाराव्यापर्यंत बाहेर पडायचं नाही हे तिचंच शास्त्र होतं. आणि त्याच शास्त्राचं दुसरं कलम असं की बारसं होईतो बाळंतिणीची बाज मोकळी ठेवायची नाही. सायली बाथरूमला जायची तेव्हासुद्धा आशाबाई उशाशी विळा आहे ना बघायची, नाहीतर स्वतः येऊन बसायची. मोकळ्या बाजेवर काय काय येऊन बसतं, ह्याची यादी तिच्याकडं होती.

पुढचे दोन दिवस सायलीनं आपलं आपण भागवलं. जनरेटर चालू झाला की झरोक्याला दुपटं लावायची, ते पडायचं. लेकराला घेऊन दाराशी बसायची आणि फटीतलं लुगडं पायानं सरकवायची. आई येऊन परत कोंबायची. लेकराच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागतो बोटाला, अजून लागतो. तिला तेवढंच काम उरलं होतं.

बारशाच्या दिवशी सकाळपासून गडबड. घाईत शेगडी पेटवलीच नाही. चंपाबाईनं गिझरच्या पाण्यानं दोघांना लवकर न्हाऊ घातलं. पुढच्या खोलीत पाळणा टांगला, झेंडूच्या माळा सोडल्या. अकराला लाईट गेली. साडेअकराला छावणीची मंडळी आली: कृष्णा, त्याचे आईवडील, चार बायका. हॉलमध्ये दोन उभे पंखे लावलेले, म्हणून विश्वजीतनं जनरेटर चालू केला. मग आशाबाई म्हणाली, "अरे, पाळणा म्हणायचाय, आवाज लई यायलाय." त्यावर तो ताडपत्री घेऊन मागं गेला.

सायली तेव्हा खोलीत होती, हिरव्या साडीत, लेकराला मांडीवर घेऊन. झरोक्यातून तिला त्याचे हात दिसले. जाळीला वरपासून खालपर्यंत तो ताडपत्री बांधत होता. सुतळीच्या गाठी मारत होता, नीट, एकेक. उजेड कमी होत गेला आणि मग झरोका काळा पडला. जनरेटरचा आवाज खरंच कमी झाला.

ती उठली. दुपटं गुंडाळलं, लेकराला खांद्याशी धरलं, दार उघडलं, स्वयंपाकघरातून, हॉलमधून, पाहुण्यांच्या मधून सरळ चालत गेली आणि अंगण ओलांडून फाटकाबाहेर, समोरच्या बदामाच्या झाडाखाली कुणाच्या तरी प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. रणरणतं ऊन. डोक्याचं फडकं सुटलं होतं.

हॉलमध्ये पोह्यांच्या बश्या थांबल्या. सासू दारात आली, बघून परत आत गेली. आशाबाई मात्र आली ती थेट, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच ठेवून आणि दातांतल्या दातांत बोलत.

"लाज आणतीस का माझी? विहीणबाई काय म्हणतील? उठ."

"नाही उठणार. आत लेकराचा जीव गुदमरतो."

"सगळी माणसं बसलीत आत. एकाचा बी गुदमरंना."

"ती हॉलमध्ये आहेत, आई. पुढचं दार उघडं आहे. मागं विशूनं ताडपत्री बांधली. सगळा धूर झरोक्यातून माझ्या खोलीत येतोय."

आशाबाईनं मुलीच्या तोंडाकडं बघितलं. भांडलं तर सगळ्यांना ऐकू जाईल, हे तिला कळलं. "बस मग. उन्हाचं लागलं लेकराला तर मला सांगू नको." मग ती वळली आणि अंगणात पाय धूत उभ्या असलेल्या चंपाबाईला म्हणाली, "चंपे, तू जा गं आत. बाजेवर टेक जरा. ही काय उठायची नाय, आणि बाज मोकळी ठिवू नये. पाळण्याच्या वक्ताला हाक मारते."

"बाजेवर?" चंपाबाईनं विचारलं.

"टेक म्हणलं ना. दार लावून घे, आतलं समदं दिसतं पाव्हण्यांना."

चंपाबाईनं पायाचं पाणी निथळलं आणि सायलीकडं बघितलं. चार-पाच पावलांचं अंतर. नजर अशी की काही बोलशील तर बोल.

सायलीच्या ओठांवर आलं होतं. *मावशी, नका जाऊ.* पण तसं म्हटलं की आई म्हणणार, मग तू जा. ती नाही तर तू. बाजेवर कुणीतरी हवंच होतं. सायलीनं मान खाली घातली आणि लेकराचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं.

चंपाबाई आत गेली.

लेकरानं बदामाखाली बारा वाजून दहा मिनिटांनी दूध घेतलं, चांगलं वीस मिनिटं, मुठी वळून. जनरेटर आल्यापासून रविवार सोडला तर दुपारी पहिल्यांदाच. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मी बरोबर होते. हे वाटणं फार गोड होतं, आणि ते किती वेळ चाललं हे तिला पुढं आठवलं तेव्हा तिला स्वतःच्या अंगाची किळस आली. मध्ये एकदा चंपाबाईचा विचार आला. मग असाही आला, की मोठी बाई आहे. डोकं दुखलं तर उठून येईल, तिला पाय आहेत. लेकराला नाहीत.

पाळण्याची वेळ झाली तेव्हा कृष्णा येऊन तिला आत घेऊन गेला. हॉलची खिडकी, दार उघडं आहे हे बघून ती बसली. बायकांनी कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या केलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, शिवम. पाठीत धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या. आशाबाई चंपाबाईला हाक मारायची विसरली. विसरली म्हणजे तिला हाक मारायचं काही काम पडलं नाही. ओटी भरून झाल्यावर सासूनं विचारलं, "न्हाऊ घालणारीला लुगडं द्यायचंय ना, कुठंय ती?" तेव्हा एक वाजून गेला होता.

सायलीनं लेकराला कृष्णाच्या हातात दिलं आणि ती मागं धावली.

दार ढकललं तर जड लागलं. चंपाबाई दाराशीच पडली होती. म्हणजे उठली होती, आली होती, दार ओढायला हात उचलला गेला नव्हता. तोंडाला फेस, चेहरा लालसर, झोपेतल्यासारखा. सायलीनं नाकावर पदर धरून खिडकीवरची गोधडी खिळ्यांसकट ओढली, आणि ज्या आवाजात ती आयुष्यात बोलली नव्हती त्या आवाजात ओरडली, "बंद कर ते."

जनरेटर बंद झाला. घर एकदम शांत झालं. आशाबाई दारात येऊन उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "देवा, माझ्या नातवावरचं हिच्यावर गेलं."

विश्वजीतनं आणि कृष्णानं तिला गाडीत घातलं. सायली बाळंतीण, ती घरीच राहिली. दवाखान्यात काय झालं ते तिला रात्री कृष्णाकडून कळलं, तेही तिनं दोनदा विचारल्यावर. डॉक्टरांनी विचारलं, बंद खोलीत काही पेटवलं होतं का? विश्वजीत लगेच म्हणाला, "हो, शेगडी होती. ह्याच पेटवतात रोज, बाळंतिणीसाठी. आम्ही किती सांगितलं." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

"आणि तू?" सायलीनं विचारलं. "तू तिथं उभा होतास ना?"

"मी काय बोलणार? मी शेगडी बघितली नव्हती, जनरेटर बघितला नव्हता."

"ऐकला तर होतास."

कृष्णा म्हणाला, "बाई वाचली, सायली. महत्त्वाचं तेच. विश्वजीतची सोयरीक ठरत आलीय. पोलिसांचं नाव निघालं तर कोण मुलगी देईल?"

दुसऱ्या दिवशी जनरेटर फाटकाबाहेर, बदामाखाली गेला. साखळी लावली, आशाबाई उंबऱ्यात खुर्ची टाकून पहारा करायची. वीस फूट भरले असतील. कारण विचारणाऱ्याला ती सांगायची, "आत लई आवाज येतोय बाई." सायलीचं डोकं परत दुखलं नाही. शिवम दुपारी दूध प्यायला लागला, महिनाभरात गाल धरले. घरात त्या दिवसाचा विषय निघाला की "चंपाबाईची शेगडी" असा निघायचा. पहिल्या आठवड्यात सायली म्हणायची, "त्या दिवशी शेगडी पेटलीच नव्हती." दुसऱ्या आठवड्यात ती नुसती उठून जायची. आशाबाईनं चंपाबाईकडं लुगडं, खण, नारळ आणि पाच किलो गहू पाठवले. दृष्ट उतरल्यावर मीठमोहऱ्या घराबाहेर टाकतात तसे.

सव्वा महिना झाला आणि छावणीला जायच्या दिवशी सायलीनं विश्वजीतला गाडी जुन्या गावात घ्यायला लावली. तो म्हणाला, "दहा मिनिटं. मी खाली उतरत नाही."

चंपाबाईचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नातवाची शाळेची प्रमाणपत्रं. चंपाबाई खाटेवर बसली होती. बघताक्षणी बरी वाटली. मग ती पाण्याचा तांब्या उचलायला गेली आणि सायलीला दिसलं. हात थरथरत होते, दोन्ही, आणि तांब्याच्या काठाला लागून नख वाजत होतं.

"आली का माय," चंपाबाई म्हणाली. "लेकरू भरलं की."

सून करुणा आतून आली. तिशीची, बारावी झालेली, बोलायला सरळ. तिनं बस म्हटलं नाही, पण सतरंजी टाकली. "ताई, तुम्हीच आलात ते बरं झालं. एक विचारायचंय. त्या दिवशी शेगडी पेटली होती का?"

सायली हेच सांगायला आली होती. गाडीत तिनं चार वेळा मनात जुळवलं होतं. "नव्हती," ती म्हणाली. "त्या दिवशी शेगडी पेटवलीच नव्हती. जनरेटरचा धूर होता. मागं कोंडून ठेवला होता तो. मला माहीत होतं."

करुणानं मान हलवली, जणू ह्यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी तिला ठाऊक होतं. "आत्याबाई पण तेच म्हणतात. पण कागदावर शेगडी आहे, आणि तुमच्या कॉलनीत पण शेगडीच आहे. चंपाबाईच्या शेगडीनं घरात गॅस झाला, लेकरू थोडक्यात वाचलं, असं बोलतात. आत्याबाईंना आता लेकरू धरवत नाही. त्यांच्याजागी मी जाते म्हटलं, शिकलंय मी त्यांच्यापाशी सगळं. दोन घरं ठरलेली होती, दोघींनी नको म्हणून सांगितलं." मग ती म्हणाली, "कॉलनीच्या बायकांचा ग्रुप आहे ना मोबाईलवर? तुम्ही पण आहात त्याच्यात. एवढंच टाका, की शेगडी नव्हती. जनरेटरचं पण नका लिहू हवं तर. शेगडी नव्हती, एवढंच."

बाहेर विश्वजीतनं हॉर्न वाजवला.

सायलीनं मोबाईल हातात घेतला होता. तो तसाच हातात राहिला. ग्रुपवर आई होती. देशमुखीण होती, आणि जिच्या भाचीशी विश्वजीतचं ठरत होतं ती बाईही होती. शेगडी नव्हती म्हटलं की पुढचा प्रश्न, मग काय होतं. दोन शब्दांचं वाक्य. सायली त्याच्याकडं बघत राहिली. लेकराच्या नाकाशी बोट धरून दोन दिवस बसलेली बाई ती.

"आईला विचारून सांगते," ती म्हणाली.

करुणानं थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. नीट, एखादी पिशवी घ्यायच्या आधी तळ बघावा तसं. "बरं," ती म्हणाली आणि सतरंजीचं टोक सारखं करायला वाकली.

चंपाबाई मात्र सायलीकडंच बघत होती. "तू भायेर बसली ते बराबर केलं," ती म्हणाली. "मीच सांगितलं व्हतं तुला. लेकरासाठी बाईनं काय बी करावं." हात मांडीखाली दाबून धरत ती पुढं बोलली, अगदी साध्या आवाजात, मिठाची पुडी मागावी तसं. "पर मला बी एक हाक मारायची व्हती, बाई."

हॉर्न परत वाजला. सायली उठली, लेकराला खांद्यावर घेतलं. निघताना वाकून नमस्कार करावा असं तिच्या मनात आलं, पण मग ते हात लेकराच्या डोक्यावरून फिरले असते, आणि ते आत्ताच झोपलं होतं. ती उभ्या उभ्याच "येते मावशी" म्हणाली.

दारापर्यंत कुणी आलं नाही.